बंबापुढची रिकामी जागा

नाशकात नाटकवाल्याला प्रयोगाची जागा मिळते, तालमीची मिळत नाही. कालिदास कलामंदिर आहे, परशुराम साईखेडकर नाट्यमंदिर आहे. तालमीसाठी मात्र शाळा सुटल्यावरचा एखादा वर्ग, तिथी नसलेल्या दिवशीचं मंगल कार्यालय, नाहीतर कोणाची तरी गच्ची. नट गच्चीवरही तालीम करतो. मी नेपथ्य करते आणि माझे आठ फुटी फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या उभ्या चौकटी, गच्चीवरच्या वाऱ्यात आडवे होतात. म्हणून जुन्या नाशकातला बंद पडलेला बंबखाना, म्हणजे आगीचे बंब ठेवायची जागा, दुरुस्त करून कलावंतांसाठी उघडायची गोष्ट निघाली, तेव्हा आमच्या गटात सगळ्यात मोठा हट्ट माझा होता.

इमारत नगरपालिकेच्या जमान्यातली, म्हणजे १९८२ला महानगरपालिका झाली त्याच्या बरीच आधीची. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समोर दोन मोठे सागवानी दरवाजे. आत दोन बंब शेजारी शेजारी उभे राहतील एवढं एकच दालन, मध्ये खांब नाही. मागे माणसांच्या वस्तीची एक खोली आणि कोपऱ्यात चौकोनी मनोरा. गाड्या मोठ्या झाल्या, गल्ली होती तेवढीच राहिली. हल्लीचा पाण्याचा टँकर त्या वळणावर घुसतच नाही. बंब गेले आणि जागा अडगळीची झाली: मोडकी टेबलं, गंजलेल्या जाळ्या, फाटक्या ताडपत्र्या, आणि या सगळ्यावर पारव्यांचं राज्य.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचायला कंटाळवाणं आहे आणि करायला त्याहून. महापालिकेची मिळकत कोणाला वापरायला द्यायची तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागतं. मार्च २०२२ नंतर नाशकात प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे महासभेऐवजी प्रशासकांचा ठराव. भाडं नाममात्र असावं की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, हिशेबाने, हा नाशकातल्या संस्थांचा जुना वाद; आमचं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी मिटलं. दुरुस्ती आमची, मालकी त्यांची. सह्या करण्याआधी आम्ही दोन गोष्टी मात्र स्वतः तपासल्या. एक स्ट्रक्चरल ऑडिट. दुसरी पूररेषा. २ ऑगस्ट २०१६ला गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय; नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतो. आमची गल्ली चढावर आहे म्हणून बरं. खाली असती तर मी स्वतःच नको म्हटलं असतं.

वारशाच्या यादीत ही इमारत नव्हती. सरकारवाडा किंवा सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित स्मारकं आहेत, तिथे पुरातत्त्व खात्याशिवाय दगड हलत नाही. आमच्याकडे विचारणारं कोणी नव्हतं. लोकांना ही सोय वाटली, मला भीती वाटली. विचारणारं कोणी नसलं की प्रत्येकाला कल्पना सुचतात. कोणी म्हणे कायमचा रंगमंच बांधा. कोणी म्हणे चढत्या पायऱ्यांवर खुर्च्या ठोका. कोणी म्हणे भंगारातून जुना बंब आणून मधोमध उभा करा, लोक फोटो काढतील. गल्लीतल्या मंडळाला गणपतीचा देखावा ठेवायला कोपरा हवा होता. चित्रकारांना भिंती हव्या होत्या. ज्याला त्याला तिथे काहीतरी ठेवायचं होतं.

या सगळ्यांना गप्प केलं ते एका निवृत्त लीडिंग फायरमननी. काका पेठेतच राहतात. एका सकाळी सफाई चालू असताना दारात येऊन उभे राहिले. आमच्या एका मुलाने आपली सायकल आत दरवाजाजवळ लावली होती. काकांनी आधी तीच उचलून बाहेर नेली.

"ताई, बंबापुढं काही ठेवायचं नसतं," ते म्हणाले. "सायकल नाही, बादली नाही, माणूस बसायला खुर्चीसुद्धा नाही. रात्री भोंगा झाला की अंधारात पळायचंय. पायाला काही लागलं तर गेलाच वेळ."

"आता बंब कुठेय काका?"

"नसू द्या. जागा तर त्याचीच आहे ना."

मग त्यांनी दालन फिरून दाखवलं. बूट कुठे, हेल्मेट कुठे. सगळं भिंतीला, हाताच्या उंचीवर, जमिनीवर काही नाही. दरवाजे आत उघडून भिंतीला टेकत, कारण बाहेर गल्लीत माणसं असायची. त्या दिवशी मी घरी जाऊन आधीचा नकाशा बाजूला ठेवला आणि नव्याने काढला. त्यात जमिनीवर कायमचं काहीही नव्हतं. पुढचं सगळं भांडण हा नकाशा टिकवण्याचं.

काम छपरापासून सुरू केलं. जुन्या इमारतीत खालून सुरुवात करणाऱ्याला पहिला पाऊस शहाणं करतो. आमच्या छपराचा पाऊण भाग मूळ कौलांचा, उरलेल्यावर कोणीतरी कधी ॲस्बेस्टॉसचे पत्रे चढवले होते. हे पत्रे फोडायचे नाहीत, ड्रिल लावायचं नाही. पाणी मारून ओले ठेवायचे, नट सोडवून अख्खे उतरवायचे आणि गुंडाळून न्यायचे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक तंतू अडवणारा मास्कच लागतो. कामगारांनी सुरुवातीला मास्क गळ्यात अडकवले. मी मास्क लावून स्वतः परांचीवर चढून बसले तेव्हा ते तोंडावर आले.

पत्र्यांखाली कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, निघाल्या. सागवानी, वरच्या अंगाने ठणठणीत. पण लाकडाचं दुखणं बहुतेकदा टोकाला असतं, जिथे ते भिंतीत शिरतं. तिथे ओल राहते आणि वाळवी तिथूनच वर चढते. आमचे सुतार मामा हातोडीने एकेक तुळई वाजवत गेले. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं भद्द. शंका आली की पेचकस टोचून पाहायचा. दोन कैच्यांची टोकं भुसा झालेली होती. कंत्राटदाराचं मत, सगळ्या कैच्या काढा, लोखंडी बसवा, आठवड्यात मोकळे व्हा. मामांनी धिरे देऊन कैची उचलून धरली, कुजलेलं टोक तिरपं कापलं आणि वाड्याच्या जुन्या तुळईतला सागवानी तुकडा खाच मारून जोडला, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट. जोड दिसतो. तो लपवायचा नाही, असं मामांनीच ठरवलं. "उद्या कोणी दुरुस्त करील, त्याला कळायला नको का?"

कौलांनी तर आम्हाला वेड लावलं. बाहेरून सगळी मंगलोरी कौलं सारखीच दिसतात. मंगळूरला बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे ठिकठिकाणी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाच्या साच्याची खाच केसाने वेगळी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसतं, पण पुरतं बसत नाही, आणि त्या फटीतून पाऊस बरोबर वाट काढतो. रीपांमधलं अंतरही कौलाप्रमाणे बदलतं. जुन्या नाशकात दर पावसाळ्याच्या आगेमागे वाडे उतरवले जातात, त्यामुळे जुनी कौलं मिळायला अडचण नव्हती. अडचण होती ती जुळवण्याची. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. आम्ही अंगणात ठशांप्रमाणे ढीग लावले, प्रत्येक कौल बोटाने वाजवलं, तडा गेलेली वेगळी काढली. एका ठशाची कौलं पुढच्या उतारावर, दुसऱ्याची मागच्या. नव्या कौलांची भर फक्त आढ्याला. गल्लीतल्या बायका दुपारी येऊन ढिगांत कौलं लावू लागल्या आणि त्यांचा हात आमच्यापेक्षा लवकर बसला.

भिंतींचं दुखणं सिमेंटने आणलं होतं. दगड मूळचा चुन्यात बांधलेला. मागे कोणीतरी सांधे सिमेंटने भरले आणि आतून छातीइतक्या उंचीपर्यंत लाल ऑइलपेंट मारला. चुना श्वास घेतो, आत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट आणि ऑइलपेंट ती कोंडतात. मग ओल वर चढते, क्षार बाहेर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि शेवटी दगडाचाच पापुद्रा सुटतो. ग्राइंडर लावला तर सिमेंटबरोबर दगडाची कडही जाते, म्हणून सगळे सांधे छिन्नी-हातोडीने मोकळे केले. ऑइलपेंट खरवडून काढला. नंतर भिंत काही महिने तशीच उघडी ठेवली, नुसती वाळायला. बघायला येणाऱ्यांना वाटायचं काम बंद पडलं. काही काम करत नसताना काम चालू आहे, हे देणगीदाराला पटवणं छिन्नी चालवण्यापेक्षा कठीण.

चुना आम्ही हौदात भिजवून मुरत ठेवला होता. वाळू आणि विटांची सुरखी, त्यात गवंडीबाबांच्या हट्टाने गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. चुन्याचा सांधा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, आणि त्याला घाई चालत नाही. भर पावसात तो वाळत नाही, वैशाखात फार लवकर वाळून भेगाळतो. नाशकात त्यासाठी दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ. तेवढ्यात सिंहस्थाच्या कामांना वेग आला आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळणं मुश्कील झालं; घाटांकडे सगळ्यांना बोलावणी होती. आमचे बाबा थांबले, कारण त्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं आणि दुपारी जेवायला घरी जाता यायचं. मोठमोठ्या कामांचं भवितव्य अशा गोष्टींवर ठरतं.

फरशीवर डिझेल आणि ऑइलचे डाग होते. चुन्याची पूड आणि लाकडाचा भुसा यांचा लेप रात्रभर ठेवून, सकाळी झाडून, पुन्हा लेप, असं करत बरेच उतरले. जे उरले ते राहू दिले. गाडीखाली शिरून दुरुस्ती करायचा खड्डा होता, त्यावरून आमच्या दिग्दर्शकांचे डोळे चमकले: रंगमंचावरून माणूस गायब करता येईल! मी सरळ नाही म्हटलं. लहान मुलांची चित्रकला शिबिरं जिथे होणार तिथे सापळा नको. खड्ड्यावर जाड सागवानी फळ्या बसवल्या, फरशीच्या पातळीत, उचलता येतील अशा. त्यात आता विजेच्या तारा, दोऱ्या आणि सतरंज्या राहतात.

जागा रिकामी आणि स्वच्छ झाली तेव्हा आम्ही आनंदाने तिथे एक प्रवेश वाचायला बसलो आणि कोणाचंच काही कळेना. दगडी भिंती, दगडी फरशी, उंच छप्पर. टाळी वाजवली की ती दोन सेकंद तरी फिरत राही. भजनाला हे अमृत. एका काकूंनी अभंग म्हटला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. संवादाला मात्र विष. शब्द स्पष्ट कळायचा तर घुमणं साधारण सेकंदाच्या आत यायला हवं. सोपा उपाय गोणपाट आणि फोम, आणि तिथेच अग्निशमन विभागाचे अधिकारी आडवे आले, म्हणजे योग्य वेळी आले.

बंबखान्याला आगीचा नाहरकत दाखला लागतो, यावर गल्लीत भरपूर विनोद झाले. पण बंब ठेवायची जागा वेगळी आणि माणसं जमायची वेगळी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा. त्याप्रमाणे यंत्रणा बसवून सुटत नाही. परवानाधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचा दाखला, नमुना 'ब', सादर करावा लागतो. अधिकाऱ्यांनी गोणपाट आणि फोम दोन्ही खोडलं. फोम पेटला की ज्वाळेआधी धूरच माणूस पाडतो. मग आम्ही वाशांच्या मधल्या जागेत कापडात शिवलेली रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, बसवली, जी जळत नाही. भिंतींना जाड सुती पडदे लावले, आगरोधक प्रक्रिया केलेले. पडदा भिंतीला चिकटून लावला तर फार आवाज गिळत नाही. वीतभर पुढे आणि चुण्या पाडून लावला की गिळतो. ते दांडीवर सरकतात. नाटक असेल तर ओढायचे, अभंग असेल तर बाजूला. एकच दालन दोन तऱ्हेने ऐकू येतं, आणि मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

दरवाज्यांचा पेच त्याहून अवघड होता. ते आत उघडतात आणि गर्दीच्या जागेचे दरवाजे बाहेर उघडायला हवेत, नाहीतर घाबरलेली माणसं दारावरच दाबली जातात. जुने दरवाजे फिरवून बाहेर उघडणारे केले तर ते गल्लीतल्या माणसांवर आदळणार. आम्ही जुने दरवाजे होते तसे ठेवले. कार्यक्रमाच्या वेळी ते पूर्ण उघडून भिंतीला आकड्याने अडकवायचे, जसे काकांच्या काळी. त्यांच्या आत दीड मीटरवर लाकडी चौकट उभी केली, तिची दारं ढकलताच बाहेर उघडतात. त्यामुळे मध्ये छोटी पडवी तयार झाली आणि गल्लीतल्या हॉर्नचा आवाजही कमी झाला. मागच्या खोलीतून दुसरी वाट काढली. आकडा अडकल्याशिवाय पहिली घंटा द्यायची नाही, हा नियम दरवाजावरच लिहिलाय.

पैशांचं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ खालचा सामाजिक दायित्वाचा निधी कशाकशावर खर्च करता येतो याची यादी अनुसूची सातमध्ये आहे. तिच्यात कला, संस्कृती आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची दुरुस्ती आहे. हा निधी घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केलेली हवी. अंबडच्या एका कारखान्याने तयारी दाखवली, पण त्यांना खुर्च्या द्यायच्या होत्या, पाठीवर नावासकट. छपराला पैसे द्या म्हटलं तर त्यांचा प्रश्न, नाव कुठे दिसणार? प्रश्न रास्तच होता. कौलावर नाव टाकलं तर ते पारव्यांनाच दिसणार. शेवटी पडवीत एकच दगड बसवला. त्यावर देणाऱ्यांच्या नावांबरोबर सुतार, गवंडी आणि कौलं लावणाऱ्या बायकांचीही नावं कोरली, अक्षरं एकाच मापाची. त्यावर कारखान्याच्या साहेबांनी नाराजी दाखवली, आणि उद्घाटनाला आले तेव्हा फोटो मात्र त्याच दगडापाशी काढला.

मनोऱ्याकडे शेवटी वळलो. बंबाची कॅनव्हासची नळी ओली गुंडाळली की बुरशी धरते आणि कुजते, म्हणून आगीवरून परतलं की ती टांगून वाळवायची. पंधरा मीटरची नळी मधोमध अडकवली तरी दोन्हीकडे साडेसात मीटर लोंबते. मनोऱ्याची उंची त्यावरून आलेली. वर लोखंडी कप्पी शाबूत होती. पारवे येऊ नयेत म्हणून मनोरा वरून पारदर्शक पत्र्याने बंद करायचा प्रस्ताव होता. पण हाच मनोरा दालनातली तापलेली हवा वर ओढून बाहेर टाकतो. तो बंद केला असता तर मे महिन्यात आत माणूस बसला नसता. जाळी लावली. आता त्याच कप्पीवर आमचे रंगवलेले पडदे वाळतात. काकांनी ते पाहिलं आणि गाठ चुकीची आहे म्हणून सोडून पुन्हा बांधून दाखवली.

सध्या सकाळी मुलांचे चित्रकलेचे वर्ग, दुपारी बायकांची भजनी मंडळं, संध्याकाळी तालमी. भाडं तासावर, आणि गल्लीतल्यांना निम्मं. ढोलपथकाला आम्ही नकार दिला. नाशिक ढोलाचा अभिमान मलाही आहे, पण या भिंतींत दोन ढोल वाजले की वाजवणाऱ्यांचेच कान बसतात. ढोल ताणायला, पानं चढवायला त्यांनी जागा वापरावी, सराव मैदानात करावा. ते रागावले, मग पानं चढवायला आले. १४ एप्रिलला कोणालाच तारीख देत नाही. १९४४ला त्या दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून तो अग्निशमन सेवा दिन. त्या दिवशी जागा निवृत्त फायरमनांची.

खुर्च्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. ज्येष्ठ प्रेक्षकांना सतरंजीवर बसवत नाही, हे खरंच आहे. घडीच्या खुर्च्या आणल्या, त्या मागच्या खोलीत भिंतीला टांगतो. पण टांगायचा कंटाळा येतो, आणि प्रयोगानंतर दोन-चार दालनातच राहतात. परवा सकाळी काका येऊन त्या गल्लीत काढून गेले. दुपारी चहावाल्याने आपल्याकडे नेऊन ठेवल्या, आणि आता परत मागितल्या तर म्हणतो, गिऱ्हाईक बसलंय, संध्याकाळी न्या.